विठ्ठलाचं आणि संसाराचं वैर कुणी लावलं?

कीर्तन रंगात आलं की बुवा एका ठरलेल्या जागी येतात. टाळ थांबतात, मृदंगावरचा हात सैल होतो, आवाज खाली येतो आणि प्रश्न येतो: बायको कुणाची? पोरं कुणाची? समोरच्या बायाबापड्या मान डोलावतात, कारण उत्तर त्यांना पाठ आहे. कुणी कुणाचं नाही, सरणापर्यंतची ही सोबत, खरा सोयरा तेवढा पांडुरंग. मांडीवर झोपलेल्या नातवाच्या अंगावर पदर ओढत म्हातारीही मान डोलावते.

हेच मत अगदी दुसऱ्या टोकाकडूनही ऐकू येतं. शिकलासवरलेला टीकाकार म्हणतो की संतांनी या समाजाला संसारातून उठवलं, हातात टाळ दिले आणि कर्तृत्वाची वाट बंद केली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांची शिकवण सहिष्णू आणि रामदासांची जयिष्णू अशी विभागणी केली, तेव्हापासून या टीकेला विद्वत्तेचं पाठबळ मिळालं. बुवांना जे भूषण वाटतं ते टीकाकाराला दूषण वाटतं. वस्तुस्थितीबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे: विठ्ठलभक्ती म्हणजे लेकराबाळांवरून मन काढून घेणं. मला हे एकमतच मान्य नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पुत्र, पत्नी, घर यांच्या ठायी अनासक्ती हे एक लक्षण सांगितलं आहे, आणि ज्ञानदेवांनी त्यावर मन लावून भाष्य केलं आहे. तुकोबांच्या गाथेत बायकापोरांच्या कटकटीचे, घर बुडालं ते बरंच झालं अशा अर्थाचे अभंग आहेत. नामदेव घर सोडून तीर्थयात्रेला गेले. आणि सगळ्यांत वजनदार पुरावा तेरच्या गोरोबांचा. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचं पोर पायाखाली गेलं तरी ज्यांना कळलं नाही, ते संतमंडळींत ‘काका’ म्हणून वडीलकीच्या जागी बसले. याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

या साक्षी एकेक करून तपासू. त्याआधी संप्रदायाचा आचार पाहू, कारण पंथ काय बोलतो याहून तो माणसाकडून काय मागतो यावरून त्याची ओळख पटते. वारकरी व्हायचं तर गळ्यात तुळशीची माळ घालायची, एकादशी धरायची, मांस-मद्य सोडायचं, परस्त्री मातेसमान मानायची, नित्य हरिपाठ म्हणायचा आणि पंढरीची वारी चुकवायची नाही. या यादीत घर सोडण्याचं कलम नाही. महानुभावांत संन्यासदीक्षेला किंवा रामदासी परंपरेत मठ-महंताला जे स्थान आहे, ते इथं माळकरी शेतकऱ्याला आहे. तो पेरणी उरकून निघतो, आळंदी-देहूहून चालत पंढरी गाठतो, एकादशी करतो, द्वादशीला पारणं फेडतो, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतो आणि घरी परततो. जाण्याएवढंच परतणंही वारीचा भाग आहे. वर्षातले वीसेक दिवस वाटेवर आणि उरलेले सगळे शेतात, गोठ्यात, पोराबाळांत. ज्या पंथाला संसार नकोसा आहे, त्यानं माणसाला दरवर्षी घरी कशाला पाठवलं असतं?

न्यायमूर्ती रानड्यांनी हे ओळखलं होतं. ‘मराठी सत्तेचा उत्कर्ष’ म्हणून मराठीत ओळखला जाणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1900 साली प्रसिद्ध झाला. संतचळवळीनं महाराष्ट्राला काय दिलं याची जी यादी त्यात आहे, तिच्यात कौटुंबिक नात्यांना आलेलं पावित्र्य हे एक स्वतंत्र फळ म्हणून नोंदवलेलं आहे. राजवाडे-रानडे वादात जातीची, राष्ट्राची, स्वराज्याची चर्चा भरपूर झाली. घराचा हा मुद्दा तेवढा कुणी पुढं नेला नाही.

आता साक्षी. पहिली ज्ञानदेवांची. तेराव्या अध्यायातल्या त्या ओव्यांत ज्ञानी माणसाच्या घरावरच्या आस्थेला त्यांनी वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीचा दृष्टान्त दिला आहे. बुवा तो त्यागाच्या बाजूनं लावतात. पण वाटसरू सावलीत काय करतो? तिच्यावर मालकी सांगत नाही हे खरं, पण ऊन बरं म्हणून ती टाळतही नाही. तो तिथं बसतो, भाकरी सोडतो, घाम पुसतो. सावली सरकणार हे ठाऊक असतं, म्हणूनच आहे तोवर बसून घेतो. अनासक्ती म्हणजे हक्क न सांगणं. पाठ फिरवणं हे निराळं. आणि ज्यांना तेराव्या अध्यायावर थांबायचं आहे त्यांनी अठराव्यापर्यंत यावं. तिथं ज्ञानदेव सर्वात्मक ईश्वराची पूजा आपापल्या कर्माच्या फुलांनी करायला सांगतात. पोराला न्हाऊ घालणं हे कर्मात मोडत नाही असं त्यांनी कुठं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

त्यांच्या घरची कथा तर या वादाचा निकालच देऊन ठेवते. वडील विठ्ठलपंत बायकोला सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. परंपरा सांगते की त्यांचे गुरू पुढं यात्रेत आळंदीला आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला आणि गुरूंच्या तोंडून पुत्रवती होण्याचा आशीर्वाद निघाला. खरा प्रकार कळल्यावर गुरूंनी शिष्याला परत संसारात धाडलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता जन्मले. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकलं गेलं आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. या कथेत कोण कुठं उभं आहे ते बघा. देवासाठी निघालेल्यानं घरी परतणं हे पाप, असं म्हणणारी ती धर्मसभा. परतलेल्या बापाच्या पोराला माउली म्हणणारा तो वारकरी संप्रदाय. आज व्यासपीठावरून जे मत वारकरी म्हणून मांडलं जातं, ते मुळात त्या धर्मसभेचं आहे.

दुसरी साक्ष नामदेवांची. पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरी आहे. शेकडो वर्षं माणसं तिला हात लावून, कपाळ टेकून, पाय न ठेवता ओलांडून आत जातात. 1350 साली नामदेवांनी परिवारासह तिथं समाधी घेतली असं परंपरा मानते. एक सून बाळंतपणासाठी माहेरी होती म्हणून वंश राहिला, असंही सांगतात. या पायरीखाली एक अख्खं घर आहे: आईवडील, बायको, मुलगे, सुना, आणि दासी म्हणून आलेली पण घरचीच झालेली जनाबाई. या घरात एकट्या नामदेवांनीच अभंग रचले असं नाही. दामाशेटी, गोणाई, राजाई, चारही मुलगे, सुना अशा जवळजवळ सगळ्यांच्या नावावर रचना आहेत. आणि गोणाई-राजाईच्या अभंगांत आहे काय? तक्रार. गोणाई विठ्ठलाशी भांडते की माझं पोर तू नादी लावलंस. राजाई रुक्मिणीपाशी गाऱ्हाणं घालते की घरात दाणा नाही आणि नवरा देवळात.

यावर एक शंका निघते. हे अभंग खरोखर त्या बायकांचे कशावरून? मागाहून कुणी त्यांच्या नावावर रचले असतील. असतील. पण मग माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. बायको-आई म्हणजे माया आणि अडथळा एवढंच पंथाचं मत असतं, तर तिचं गाऱ्हाणं अभंगाच्या घाटात बसवून, गाथेत घालून, पिढ्यानपिढ्या गायची गरज कुणाला वाटली? अडथळ्याला कुणी नाममुद्रा देत नाही. या पंथानं घराची फिर्याद देवाच्या दप्तरी दाखल करून घेतली, आणि ती आजही निकाली काढलेली नाही.

तिसरी साक्ष तुकोबांची, आणि इथं जरा जपून बोललं पाहिजे. त्यांचे ते कठोर अभंग आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते कुणी आणि कशानंतर म्हटले? 1630 च्या सुमाराचा दुष्काळ दख्खनेत फार भीषण होता. त्यात तुकोबांची पहिली बायको रखमा अन्नाविना गेली, मुलगा संतू गेला, गुरंढोरं गेली, सावकारी बुडाली. ज्यानं पोर पुरलं तो म्हणतो की बरं झालं, आता देवा तूच उरलास. या बोलण्याला तत्त्वज्ञानाचा सिद्धान्त समजणं म्हणजे तेराव्याच्या पंगतीत बसलेल्या बापाचे शब्द दस्तऐवज म्हणून नोंदवून घेणं आहे. सिद्धान्त तपासायचा तर पुढचं आयुष्य पाहावं. तुकोबांनी देहू सोडलं नाही. जिजाईबरोबर संसार चालला, मुलं-मुली झाल्या, आणि 1650 मध्ये ते गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. भंडाऱ्याच्या डोंगरावर ते जात, संध्याकाळी घरी येत. नवरा डोंगरावर आणि भाकरी घेऊन चढ चढणारी जिजाई, हे चित्र सांगताना आपण तिला कजाग ठरवून मोकळे होतो. ती भाकरी पोहोचत होती म्हणून भंडाऱ्यावर अभंग होत होते.

तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई शिवूरकर यांचं आत्मनिवेदन वाचलं तर हे आणखी उघड होतं. नवऱ्याची मारहाण, पोटातलं मूल, लळा लागलेलं वासरू आणि अंतरीची तुकोबांची ओढ, हे सारं त्या एकाच ओघात सांगतात. अखेरच्या काळात आपल्या मागच्या जन्मांची हकीकत त्या सांगतात ती कुणाला? मुलगा विठोबा याला. मठाच्या उत्तराधिकाऱ्याला जे सांगायचं, ते इथं आई लेकाला सांगते.

उरली गोरोबांची साक्ष. महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 चा. त्यातली आणि लोकपरंपरेतली कथा मिळून अशी आहे. बायको संती पाण्याला निघते आणि पोराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून जाते. गोरोबा चिखल तुडवतात, भजनात दंग होतात, पोर रांगत येतं आणि चिखलात जातं. संती परतते आणि हंबरडा फोडते. नवरा-बायकोत विपरीत घडतं, ती विठ्ठलाची शपथ घालते की मला हात लावायचा नाही, आणि ती शपथ पाळता पाळता अखेर गोरोबांचे हातच जातात. बहुतेक बुवा तंद्रीचं वर्णन करतात, पोर चिखलात जातं, आणि लगेच ‘अशी भक्ती पाहिजे’ म्हणून गजर धरतात. कथा तिथं संपत नाही. ती पुढं आषाढीला पंढरपुरात येते. वाळवंटात नामदेवांचं कीर्तन चाललेलं असतं. टाळी वाजवायला गोरोबांना हात नाहीत. गजर वाढतो आणि त्यांना हात फुटतात. संती देवाला आळवते आणि गर्दीतून तिचं पोर रांगत तिच्याकडं येतं.

कथाकाराला देहभान विसरण्याचं कौतुकच करायचं होतं, तर पोर परत आणण्याचं काही कारण नव्हतं. माया गेली, बरं झालं, असं म्हणून तो मोकळा झाला असता. तसं त्यानं केलं नाही, कारण ऐकणाऱ्या बायांनी ते चालवून घेतलं नसतं, आणि बहुधा त्याच्या स्वतःच्या मनालाही ते चाललं नसतं. पोर ही माया आहे हे संतीला कधीच पटलेलं नव्हतं. पंढरपुरात विठ्ठलानं निकाल दिला तो तिच्या बाजूनं. बापानं हरवलेलं पोर आईला परत मिळाल्याशिवाय ही भक्तिकथा पुरी होत नाही.

याच्या शेजारी पैठणच्या नाथांची कथा ठेवून पाहा. भर उन्हात गोदावरीच्या तापल्या वाळूत एक अस्पृश्य मानलेलं पोर आईच्या मागं धावताना पडलं आणि रडत होतं. एकनाथांनी सोवळं-ओवळं बाजूला ठेवून ते कडेवर उचललं, तोंड पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन दिलं. भजनात पोर विसरलेला बाप आणि स्नानाहून येताना दुसऱ्याचं पोर उचलणारा बाप, दोघंही या परंपरेचेच. एकाच कथेवर सगळा सिद्धान्त उभा करणाऱ्यांनी दुसरीचं काय करायचं ते सांगावं. आणि जनाबाईच्या नावावरचा तो लोकप्रिय अभंग आठवावा, ज्यात विठ्ठल पोरवडा घेऊन निघालेल्या बापासारखा दिसतो. कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी करंगळी धरून. त्यात मांडीवर कोण बसलं आहे? गोरा कुंभार. ज्याच्या पायाखाली लेकरू गेलं, त्याला जनाबाईनं देवाच्या मांडीवरचं लेकरू केलं. भाष्य असावं तर असं.

खंडन इथं पुरे. आता मंडन.

चंद्रभागेच्या पात्रात पुंडलिकाचं देऊळ आहे. पुंडलिक ऐतिहासिक की नाही याबद्दल संशोधकांत एकवाक्यता नाही. त्या देवळात शिवलिंग आहे, त्यावरून मूळ शैव स्थानाचा तर्कही केला जातो. तो वाद राहू द्या. लोकांनी शतकानुशतकं जी कथा जपली ती अशी की पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, दारात देव आला, पुंडलिकानं वीट भिरकावली आणि थांबायला सांगितलं. ‘मुलांनो, आईवडिलांची सेवा करा’ एवढंच तात्पर्य शाळेच्या पुस्तकानं यातून काढलं. ते चूक नाही, फार लहान आहे. या कथेत मंत्र नाही, तप नाही, गुरूपदेश नाही, समाधी नाही. आहे ते घरातलं रोजचं, कंटाळवाणं, उद्या पुन्हा करावं लागणारं काम. देवाचं येणं ही युगायुगांत एकदा घडणारी गोष्ट, आणि म्हाताऱ्याच्या पोटऱ्या दुखणं रोजचं. पुंडलिकानं रोजच्याला मान दिला आणि देवानं ते खपवून घेतलं, एवढंच नाही तर तो तिथंच राहिला. हे सगळं क्षेत्र, ही दर्शनबारी, ही आषाढी, सगळं या एका न थांबवलेल्या घरकामावर उभं आहे.

आधाराला केवळ कथा नाहीत, मंदिराचा नित्योपचारही आहे. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात. तेव्हापासून देवाला झोप नाही, शेजारती नाही, रात्रंदिवस दर्शन. उभं राहून अवघडायला होईल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी लोड देतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. लाखो हातांनी चिकट झालेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात, पलंग पुन्हा आत येतो, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात. परीक्षेहून किंवा परगावाहून दमून आलेल्या पोरासाठी आई जे करते तेच हे. परब्रह्माला काढा लागत नाही हे करणाऱ्यांनाही कळतं. पण भक्ती कशी करायची हे ज्यांना घरातच शिकायला मिळालं, ते दुसऱ्या कोणत्या रीतीनं करणार?

म्हणून माझं म्हणणं असं. लेकराचं बाळपण क्षणभंगुर आहे, यावर कुणाचाच वाद नाही. त्यातून काढलेला ‘म्हणून त्यात जीव गुंतवू नका’ हा निष्कर्ष पंढरीचा नाही. पंढरीचा निष्कर्ष ‘म्हणून ते टाळू नका, देव थांबेल’ असा आहे. देव विटेवर अठ्ठावीस युगं उभा राहू शकतो. पोर तीन वर्षांचं फक्त एकच वर्ष असतं.

साध्या दिवशी, गर्दी नसताना, वाळवंटात जरा बसून पाहा. आजी नातवाला चंद्रभागेत बुचकळते, तो भोकाड पसरतो, बाप धोतराचा सोगा धरून कडेला उभा. कोरडं करून झालं की कपाळाला बुक्का. महाद्वाराशी त्याला खांद्यावर घेऊन कळस दाखवतात, आणि तो बघत असतो प्रासादिक दुकानातल्या चुरमुऱ्यांच्या ढिगाकडं. बाप त्याची मान धरून पुन्हा कळसाकडं वळवतो. तो पुन्हा चुरमुऱ्यांकडं. अखेर बापच हसतो आणि चुरमुरे घेतो. यात परमार्थ कुठं सुरू झाला आणि प्रपंच कुठं संपला, हे मला कुणी रेघ ओढून दाखवावं.

प्रामाणिकपणानं एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर हे मंडन नुसती आरती होईल. या परंपरेनं घर मानलं, पण घराचं ओझं सारखं वाटलं नाही. गोणाई, राजाई, जिजाई, बहिणा यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. वारीला गेलेल्या पुरुषामागं गोठा आणि पोरं बायकांनीच सांभाळली. आणि ज्या बाईला घरच नाकारलं गेलं तिचं पंढरपुरात काय झालं, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात गरोदर राहिलेल्या विधवांना यात्रेच्या निमित्तानं इथं आणून सोडलं जाई. पोर जन्मे आणि टाकलं जाई, किंवा त्याहून वाईट. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपुरात असं गृह 1875 मध्ये निघालं, ते तिथं न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं. प्रार्थना समाजानं ते चालवलं आणि पुढं वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ते ओळखलं गेलं. मंदिरानं ते काढलं नाही, मठांनी काढलं नाही. मूर्तिपूजा न मानणाऱ्यांनी काढलं.

हा पुरावा माझ्या विरुद्ध जातो असं वाटेल. पण ज्या प्रार्थना समाजाला विठ्ठलाची मूर्ती चालत नव्हती, त्याच्या उपासनेत तुकोबांचे अभंग गायले जात. रानडे आणि भांडारकर त्या अभंगांवर पोसलेले होते. टाकलेलं पोर उचलायचं, ही नाथांनी तापल्या वाळूत घालून दिलेली रीत विठ्ठलाच्या गावात त्यांनी पाळली. पंढरीत राहूनही ती ज्यांच्या लक्षात राहिली नाही, त्यांनी खाली मान घालावी एवढंच.

आज या जुन्या मताला एक नवा जोडीदार मिळाला आहे. मुलांना ‘क्वालिटी टाइम’ द्या, असं हल्लीचा सल्लागार सांगतो. दिवसभर कामाचं, आणि संध्याकाळचा एक निवडक तास पोरांचा. बुवांच्या मतापेक्षा हे गोड वाटतं, पण मूळ तेच. दोघंही रोजच्या घराला किरकोळ मानतात. एक त्याच्यावरून उठून देवाकडं जातो, दुसरा त्यातला चांगला तुकडा कापून घेतो. पुंडलिकाला निवडक तास मिळाला नव्हता. त्याला मिळाल्या होत्या दुखऱ्या पोटऱ्या. पोराचं दप्तर शोधणं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून दहाव्यांदा उत्तर देणं, हाच तो काळ. वेगळा कुठं ठेवलेला नाही.

तेव्हा कीर्तनकार महाराजांना एक विनंती. बायको कुणाची, पोरं कुणाची असं विचाराल तेव्हा समोरच्या म्हातारीच्या मांडीवर कोण झोपलं आहे तेही बघा. तुमच्याच परंपरेत त्या प्रश्नाचं उत्तर आहे. गोरोबांचं पोर संतीचं होतं आणि विठ्ठलानं ते तिला दिलं. आणि टीकाकारांना एक आठवण. ज्या वारीला तुम्ही संसारातून पळ म्हणता, ती पालखीच्या रूपात चालू झाली 1685 मध्ये. तुकोबांच्या पादुका देहूहून पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली ती नारायण महाराजांनी. हे नारायण म्हणजे तुकोबा गेले तेव्हा जिजाईच्या पोटात असलेलं मूल. बापाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. लाखोंचा हा सोहळा एका मुलानं बापासाठी सुरू केला आहे.